बावीस संगणक आणि एक पेनड्राईव्ह: एका शाळेच्या लॅबचं प्रकरण

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच आठवड्यात माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "लॅबमधल्या मशीनवर सपोर्ट संपला, सपोर्ट संपला असं सारखं येतंय. नवीन घ्यायला निधी नाही. दिवाळीच्या सुटीत येऊन बघाल का?" मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. शाळांची कामं मी आवडीने घेतो. तिथे एका मशीनवर चार-चार मुलं बसतात, आणि ते बंद पडलं की चौघांचाही तास वाया जातो.

लॅबमध्ये एकूण बावीस मशीन होती आणि ती एका वेळी घेतलेली नव्हती. शाळांमध्ये बहुतेक असंच असतं: एकदा अनुदानातून दहा आली, एकदा माजी विद्यार्थ्यांनी दिली, एकदा कुठल्याशा कार्यालयातून जुनी मिळाली. त्यामुळे "एक सीडी घ्या आणि सगळीकडे टाका" हा प्रकार इथे चालणार नव्हता. मल्टिबूट पेनड्राईव्ह, म्हणजे एकाच पेनवरून वेगवेगळ्या सिस्टिम सुरू करता येतील असा, लागणार हे फोनवरच कळलं होतं. तो कसा बनवायचा, हे मात्र मशीन बघितल्यावरच ठरणार होतं.

पेन भरण्याआधी

पहिल्या दिवशी मी एकाही मशीनला पेनड्राईव्ह लावला नाही. संगणक शिकवणारे सर आणि मी फुलस्केप कागद घेऊन एकेक मशीन चालू करत गेलो आणि प्रत्येकाच्या चार गोष्टी लिहिल्या: प्रोसेसर, रॅम, मशीन चालू होताना सर्वांत आधी धावणारा प्रोग्रॅम जुना बायोस आहे की नवा यूईएफआय, आणि बूट मेनूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याची कळ. कळ लिहून ठेवणं क्षुल्लक वाटतं. पण डेलला एफ १२, एचपीला एफ ९, आणि एसरला एफ १२ असली तरी कित्येक एसरमध्ये ती आधी बायोसमध्ये जाऊन सुरू करावी लागते. बावीस मशीनवर दरवेळी कळ शोधत बसलं तर सकाळ त्यातच जाते.

कागदावर असं चित्र उमटलं. दहा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय ३ चे, ४ जीबी रॅम, यूईएफआय असलेले. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे यांना ते अधिकृतपणे मिळणार नाही. सहा डेस्कटॉप कोअर टू ड्युओचे, २ जीबी रॅम, फक्त जुना बायोस. दोन त्याहूनही जुने पेंटियम ४ चे. आणि चार लॅपटॉप अकराव्या पिढीचे, ८ जीबी रॅमचे. त्यातले दोन व्यवस्थित चालत होते, दोन विंडोज सुरू होता होता निळ्या पडद्यावर अडकत होते.

यावरून पेनमध्ये काय घालायचं ते ठरलं. आय ३ साठी लिनक्स मिंट २२.२ या मोफत सिस्टिमची, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती. ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कोअर टू ड्युओसाठी डेबियन हे आणखी एक लिनक्स, हलक्या एलएक्सक्यूटी डेस्कटॉपसह. बिघडलेल्या लॅपटॉपसाठी विंडोज ११, कारण ते ऑफिसच्या कामाचे. शिवाय डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+. पाच आयएसओ फायली (आयएसओ म्हणजे अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाईलमध्ये), सगळ्या मिळून २० जीबीच्या आत. ६४ जीबीचा पेन पुरेसा होता.

पेंटियम ४ च्या दोघांवर काहीच टाकायचं नाही, हेही त्याच दिवशी ठरवलं. बाईंना ते पटायला वेळ लागला. ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरच्या, मशीनसाठीची वाट अरुंद होत चालली आहे. डेबियनने आवृत्ती १३ पासून ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलरच बंद केला. जुनी आवृत्ती टाकता आली असती, पण १ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर उघडून मुलांना पान दिसेपर्यंत तास संपतो. असं मशीन चालू स्थितीत म्हणून दाखवणं मला योग्य वाटत नाही.

मेनूच्या आधी काय घडतं

पुढचे दोन्ही घोळ समजायला हे थोडं जाणून घ्यावं लागेल.

जुना बायोस पेनड्राईव्हचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो, बस. त्यात ४४६ बाइट छोट्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला आणि शेवटचे दोन बाइट खुणेला. फाईल म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसतं. यूईएफआयचं उलट आहे. तो फॅट या साध्या फाईल-मांडणीचं पार्टिशन उघडतो, त्यातल्या ईएफआय फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाईल शोधतो आणि ती चालवतो. एकच पेन दोन्हींवर चालवायचा तर त्याला दोन दारं ठेवावी लागतात.

पूर्वी मी हे हाताने करायचो. पेनवर ग्रब हा बूट मेनू दाखवणारा प्रोग्रॅम टाकायचा आणि प्रत्येक आयएसओसाठी मेनूची नोंद स्वतः लिहायची. उबुंटूला आयएसओचा पत्ता एका पद्धतीने सांगायचा, डेबियनला दुसऱ्या, आर्चला तिसऱ्या. नवीन आवृत्ती आली आणि आतल्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, फाईलची जागा बदलली की ती नोंद मेली. विंडोज तर या मार्गाने कधीच जुळलं नाही, कारण त्याचा इन्स्टॉलर सुरू झाल्यावर आयएसओच्या पोटातल्या आपल्याच फायली त्याला सापडत नसत. म्हणून माझ्या पिशवीत कंपासपेटीभर पेनड्राईव्ह असायचे, प्रत्येकावर एकेक आयएसओ, वर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव. घाईत त्यातला हवा तो नेमका सापडायचा नाही.

२०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉय या मुक्तस्रोत प्रोग्रॅमने ही सगळी कटकट संपवली. तो पेनवर दोन पार्टिशन करतो. पहिलं मोठं, एक्सफॅट प्रकारचं, आपल्या फायलींसाठी. शेवटी फक्त ३२ एमबीचं दुसरं, यूईएफआयच्या दारासाठी. जुन्या बायोसचं दार पहिल्या सेक्टरमध्ये आणि पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसतं. मोठं पार्टिशन एक्सफॅट असल्याने फॅट३२ ची एका फाईलला ४ जीबीची मर्यादा आड येत नाही, आणि विंडोज ११ ची आयएसओ त्या मर्यादेच्या वरची आहे. आयएसओ नुसती कॉपी करायची, मेनू आपोआप तयार होतो. निवडलेली फाईल पेनच्या कुठल्या सेक्टरांवर आहे हे व्हेंटॉय सुरू होणाऱ्या सिस्टिमला कळवतो, आणि तिला ती फाईल आत घातलेल्या डिस्कसारखी दिसते. लिनक्समध्ये हे काम सुरुवातीच्या रॅम-फाईलसिस्टिममध्ये (सुरू होताना रॅममध्ये उतरणाऱ्या तात्पुरत्या फायलींमध्ये) सरकवलेला एक तुकडा करतो, विंडोजमध्ये सेटअपच्या आधी धावणारा छोटा प्रोग्रॅम.

काळा पडदा

दुसऱ्या दिवशी सुरुवात कोअर टू ड्युओपासून केली आणि पहिल्याच मशीनवर थांबलो. पेन निवडला की काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ, पुढे काही नाही. शेजारच्या मशीनवर तेच. पाठीमागच्या, बोर्डाला थेट जोडलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून पाहिला, तरी तेच. आय ३ च्या मशीनवर मात्र तोच पेन झटक्यात मेनू दाखवत होता.

कारण माझ्या कामातच होतं. व्हेंटॉय टाकताना पार्टिशनची शैली निवडता येते, एमबीआर की जीपीटी: एमबीआर म्हणजे वर सांगितलेला पहिल्या सेक्टरमधला जुना तक्ता, जीपीटी म्हणजे नवा. माझ्या दुकानात येणारी मशीन हल्ली बहुतेक नवी असतात, म्हणून मी सवयीने जीपीटी निवडलं होतं. बरेच जुने बायोस जीपीटी असलेल्या पेनवरूनही सुरू होतात, पण काही होत नाहीत, आणि हे सहा त्यातलेच निघाले. कागदावर "जुना बायोस" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते वाचून पेन बनवायला हवा होता.

शैली बदलायची म्हणजे व्हेंटॉय नव्याने टाकायचा आणि पेन पूर्ण रिकामा करायचा. आयएसओ माझ्या लॅपटॉपवर होत्या, त्यामुळे एमबीआर शैलीत पेन पुन्हा बनवला आणि फायली कॉपीला लावल्या. तोवर संध्याकाळ झाली होती. सर दारात उभे. "झालं का हो? साडेपाचची एसटी गेली की मग वडापशिवाय सोय नाही." शेवटची फाईल विंडोजची होती. कॉपीची खिडकी बंद झाली, मी पेन काढून खिशात टाकला आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी सहाही जुन्या मशीनवर मेनू आला. त्यातल्या दोघांच्या बायोसमध्ये पेन बूट यादीत वेगळा दिसत नव्हता. तो हार्ड डिस्कच्या पोटयादीत दडलेला होता, तिथून वर आणावा लागला. डेबियन टाकण्याआधी प्रत्येकावर मेमटेस्ट चालवला आणि एकावर लाल ओळी धडाधड येऊ लागल्या. रॅमची पट्टी काढली. तिचे सोनेरी संपर्क काळवंडले होते. सरांच्या टेबलावरचं खोडरबर घेऊन ते हलक्या हाताने घासले, खाली कागदावर काळसर भुगा पडला. पट्टी परत बसवून पुन्हा चाचणी घेतली तर एकही चूक नाही. ही चाचणी न करता इन्स्टॉल केलं असतं तर महिन्याभरात "लिनक्स सारखं लटकतंय" अशी तक्रार आली असती आणि दोष लिनक्सच्या माथी गेला असता.

दुपारी लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच बसलेल्या. इन्स्टॉल अर्ध्यावर तुटलं, पण पेनचं काही बिघडलं नाही, कारण इन्स्टॉल करताना पेन फक्त वाचला जातो. लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू केलं. तीन मशीनची तारीख २००९ वर गेली होती, म्हणून ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर अडत होता. बाजारातून सीआर २०३२ चे सेल आणून घातले आणि तो प्रश्न मिटला.

दहा आय ३ चं काम सरळ झालं. एकावर मिंट टाकलं, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि लिब्रेऑफिस लावून घेतलं. मग त्याच पेनवरच्या क्लोनझिलाने त्याची प्रतिमा काढून बाकी नऊवर उतरवली. प्रतिमा ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क घेतली. व्हेंटॉयवरून सुरू झालेल्या लिनक्सने पेनचं पहिलं पार्टिशन स्वतःसाठी धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याच पेनवर प्रतिमा लिहायला गेलं तर नवख्या माणसाची फजिती होते. नंतर प्रत्येक मशीनचं नाव आणि मशीन-आयडी (सिस्टिमचा ओळखक्रमांक) मात्र वेगळं करून घेतलं.

दोन लॅपटॉप

खरी कसोटी इथे लागली.

ऑफिसच्या या दोन लॅपटॉपवर शाळा सोडल्याचे दाखले, पत्रव्यवहार आणि वर्षानुवर्षांचे तक्ते होते, बरेचसे जुन्या शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. म्हणून विंडोजला हात लावण्याआधी पेनवरून मिंट नुसतं चालवलं, इन्स्टॉल न करता. त्यासाठी आधी सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीच्या सहीशिवाय काही सुरू होऊ न देणाऱ्या राखणदाराचा, टप्पा पार करावा लागला: निळा पडदा येतो, त्यात डिस्कवरून चावी नोंदवा हा पर्याय निवडून पेनच्या छोट्या पार्टिशनमधली व्हेंटॉयची चावी दाखवायची, मग मशीन पुन्हा सुरू. हा पडदा पाहून बरेच जण घाबरून मशीन बंद करतात.

ही चावी नोंदवणं मी सहज घेत नाही. एकदा नोंदवली की त्या लॅपटॉपवर व्हेंटॉयमधून कुठलीही आयएसओ सुरू होऊ शकते, म्हणजे सिक्युअर बूटचं राखणदारीचं काम तेवढं सैल पडतं. व्हेंटॉयच्या स्रोतसंचात आधीच तयार केलेल्या, वाचून तपासता न येणाऱ्या बायनरी फायली आहेत, यावरही जाणकारांनी आक्षेप घेतलेले आहेत. मी व्हेंटॉय अधिकृत जागेवरूनच उतरवतो, आणि काम संपल्यावर मिंटमधूनच नोंदवलेल्या चाव्या पुसून टाकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर एवढी काळजी घ्यायलाच हवी.

मिंटमध्ये डिस्क दिसली, पण उघडायला गेलो तर चावी मागितली. विंडोजने डिस्क कूटबद्ध करून ठेवली होती. शाळेत कोणालाच याची कल्पना नव्हती. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्या शिक्षकांचं मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं होतं, त्यांची दोन वर्षांपूर्वी बदली झालेली. बाईंनी त्यांना फोन लावला. त्यांनी आपल्या खात्यात शोधून ४८ अंकी रिकव्हरी की वाचून दाखवली, सहा-सहा अंकांचे आठ गट. बाईंनी ती हजेरीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहून घेतली आणि प्रत्येक गट परत वाचून दाखवला. "सर, तिसरा गट परत सांगा हो, शेवटी सात की एक?" दोन लॅपटॉप, म्हणजे असं दोनदा. डिस्क उघडली आणि दाखल्यांचं फोल्डर दिसलं, तेव्हा शेजारी उभे असलेले क्लार्क खुर्चीत बसले. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतलं. तो फोन लागला नसता तर मी त्या लॅपटॉपवर विंडोज टाकलंच नसतं.

मग विंडोज ११ चा इन्स्टॉलर सुरू केला, तर त्याला डिस्कच दिसेना. यादी रिकामी. अकराव्या पिढीच्या इंटेल मशीनवर हे नेहमीचं आहे: व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय चालू असेल तर इन्स्टॉलरला इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. मिंटला डिस्क दिसली होती, म्हणजे डिस्क धडधाकट होती. ड्रायव्हर मी आधीच सुटा करून पेनच्या मोठ्या पार्टिशनमध्ये फोल्डरात ठेवला होता. व्हेंटॉयचं ते पार्टिशन साध्या पेनसारखंच वापरता येतं, हा त्याचा मोठा फायदा. ड्रायव्हर दिला, डिस्क दिसली, कॉपी सुरू झाली. आणि ६० टक्क्यांच्या पुढे जाऊन थांबली: आवश्यक फायली टाकता येत नाहीत, फाईल खराब किंवा गहाळ असू शकते.

इथे माझा अर्धा दिवस गेला. नुकताच ड्रायव्हर घातला होता, म्हणून संशय त्याच्यावर. आधीची आवृत्ती आणून लावली, पुन्हा तेच. रॅमवर संशय घेतला, मेमटेस्टची पूर्ण फेरी बिनचूक. डिस्कची तब्येत मिंटमधून तपासली, उत्तम. पेनवर मात्र संशय आला नाही, कारण त्याच पेनने आदल्या दिवशी डेबियन आणि मिंट बिनबोभाट टाकलं होतं.

शेवटी दुसरा लॅपटॉप घेतला, आणि तो त्याच टक्क्यावर थांबला. दोन वेगळ्या मशीनची रॅम आणि डिस्क एकाच जागी कशी बिघडेल? दोघांत सामाईक होता फक्त पेन, आणि पेनवरची तीच एक फाईल. व्हेंटॉयच्या मेनूत आयएसओवर जाऊन एम कळ दाबली की तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारी लांबलचक खूण, काढता येतो. काढला आणि मायक्रोसॉफ्टने दिलेल्या ठशाशी ताडला. पहिलीच अक्षरं वेगळी. फाईलचा आकार मात्र बाइटपर्यंत बरोबर होता.

साडेपाचची एसटी आठवली. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. कॉपीची खिडकी बंद होते तेव्हा फाईलचा बराचसा भाग अजून रॅममध्येच असतो आणि पेनवर सावकाश उतरत राहतो. मी पेन "बाहेर काढा" न म्हणता उपटला. आधीच्या चार फायली तोवर पोचल्या होत्या. शेवटची, सर्वांत मोठी, अर्धवट राहिली, आणि नोंदीत तिचा आकार पूर्ण लिहिला गेला होता.

फाईल पुन्हा कॉपी केली. या वेळी पेन रीतसर बाहेर काढायला सांगितला आणि तसा संदेश येईपर्यंत दोन-तीन मिनिटं हात लावला नाही. पेन काढून परत लावला आणि मगच ठसा तपासला. न काढता लगेच तपासला असता तर लिनक्सने रॅममधलीच प्रत वाचून सगळं ठीक असल्याचं सांगितलं असतं, आणि पेनवर खरोखर काय लिहिलंय ते कळलंच नसतं. या वेळी ठसा जुळला. दोन्ही लॅपटॉपवर विंडोज ११ अर्ध्या तासात बसलं. नव्या रिकव्हरी की आता शाळेच्या खात्यात आहेत आणि कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात.

निघताना

सुटी असूनही नववीची पाच-सहा मुलं शेवटच्या दिवशी आली होती. पेंटियम ४ ची दोन्ही खोकी त्यांच्यापुढे उघडून ठेवली. एकाने रॅमची पट्टी काढून परत बसवली, खटका ऐकला, पुन्हा काढली. दुसरी म्हणाली, "काका, एकाच पेनात एवढ्या सिस्टिम कशा काय बसतात?" तिला पेनचं मोठं पार्टिशन उघडून दाखवलं: पाच फायली आणि एक फोल्डर, बाकी काही नाही. मग तिलाच मेमटेस्टची फाईल काढायला लावली, मशीन सुरू करून मेनूत ते नाव नाही हे दाखवलं, फाईल परत टाकायला लावली. तिने पेन बाहेर काढताना संदेशाची वाट पाहिली. मी सांगितलं नव्हतं. आधीचं बोलणं तिने ऐकलेलं होतं.

तसाच दुसरा पेन बनवून सरांकडे दिला, एमबीआर शैलीतच, कारण तो बावीसपैकी वीस मशीनवर चालायला हवा. सोबत एक कागद दिला. त्यावर प्रत्येक आयएसओचं नाव, तिच्या ठशाची पहिली आणि शेवटची आठ अक्षरं, आणि मशीन क्रमांकासमोर बूट मेनूची कळ. मिंटची नवी आवृत्ती आली की जुनी फाईल काढून नवी टाकायची आणि कागदावरची तेवढीच ओळ बदलायची, हे सरांनी माझ्यासमोर एकदा करून पाहिलं.